झाडाकडे तोंड केलेली माता

१

आम्ही कबरस्तानातून परत आलो तेव्हा फाटकाजवळची देवळी पडलेली होती आणि तिच्या विटांमध्ये माझा मुलगा बसला होता.

दोन नोव्हेंबरचा दिवस. त्या दिवशी पुंता तोरोतेमध्ये जिवंत माणूस घरी सापडत नाही, सगळे आपापल्या मेलेल्यांकडे जेवायला गेलेले असतात. मीही सकाळपासून हिलारिओच्या कबरीवर होते. सून नेरेइदा, दोन नातवंडं, तमाल्यांचं पातेलं, झेंडूचे भारे आणि त्याची आवडती बाकानोरा दारूची बाटली, असं सगळं लटांबर बरोबर होतं. दुपारपासून उत्तरेचा वारा सुटला आणि जेवणात जेवणापेक्षा वाळू जास्त झाली. साडेतीनला तेयो उठला. म्हणाला, "आई, कॅनडावाले आज पोचतील. टाक्या भरून ठेवतो." आणि पाण्याचा टँकर घेऊन पुढे निघून गेला.

पाच वाजता आम्ही पोचलो तर हे असं.

ही देवळी हिलारिओने स्वतःच्या हाताने बांधली होती. खाली विटांचा चौथरा, वर शिंपले जडवलेली विटांचीच कमान, आत पत्र्यावर रंगवलेली ग्वादालुपेची माता. उत्तरेकडून हिवाळा काढायला माझ्या गाडीतळावर येणारी प्रत्येक घरगाडी, म्हणजे चाकांवरचं घर, गेली एकतीस वर्षं तिच्यासमोरून आत शिरते. आणि मागच्या बारा डिसेंबरला, तिच्याच सणाच्या दिवशी, तेयोने तिच्यासमोर गुडघे टेकून शपथ घेतली होती: वर्षभर दारूला शिवणार नाही. आमच्याकडे पुरुष अशा शपथा घेतात. बायकोला दिलेला शब्द मोडतात, डॉक्टरला दिलेला मोडतात, पण मातेला दिलेला मोडताना भल्याभल्यांचे हात थरथरतात. तेयोचे चाळीस दिवस उरले होते.

नेरेइदा गाडीतून उतरली, त्याच्याजवळ गेली आणि थांबली. वारा आमच्याच दिशेने होता. वास मलाही आला.

"तू प्यायलास," ती म्हणाली.

"नाही."

"तेयो, वास येतोय."

"बाबांच्या कबरीवर ओतली. वाऱ्याने अंगावर उडाली. आणि मी आलो तेव्हा देवळी पडलेलीच होती."

"टँकर घेऊन तू आलास. देवळी तू पाडलीस. आणि मातेला तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून..." तिने हात पुढे केला.

तेव्हा माझं तिकडे लक्ष गेलं. मातेचा पत्रा मेस्कीतच्या झाडाला टेकवून उभा केला होता. धक्का नाही, पोचा नाही. पण तिचं तोंड झाडाकडे होतं आणि पाठ आमच्याकडे.

तेयो उठला. हलक्या आवाजात म्हणाला, "मी शपथ घेतली ती हिचीच. आता तुला पटवायला आणखी कोणाची घेऊ?"

नेरेइदा मुलांना घेऊन आत गेली. रात्री जेवण झाल्यावर माझ्या ओट्याशी आली आणि भांडी विसळता विसळता म्हणाली, "सासूबाई, शुक्रवारी नऊच्या बसने मी मुलांना घेऊन एम्पाल्मेला जातेय, आईकडे. यावेळी परत यायला नाही."

तो बुधवार होता.

२

गुरुवारी उजाडताच मी देवळीपाशी गेले. मला शाळा दोन इयत्तांची. पण माझ्या फाटकातून किती गाड्या, कोणत्या, कशा आत आल्या ते मला कोणी वहीत लिहून द्यावं लागत नाही.

वाऱ्याने चाकांच्या खुणा पुसून टाकल्या होत्या. विटा मात्र काही वाऱ्याने हलत नाहीत. खालचा चौथरा जसाच्या तसा होता, त्यावरचा चुनाही खरवडला नव्हता. तुटली होती ती कमान, तीही माझ्या खांद्याच्या उंचीवर, आणि धक्का आतून बाहेरच्या बाजूला बसलेला. शिंपले सगळे रस्त्याकडे उडाले होते.

मी तेयोच्या टँकरपाशी गेले. त्याचा पुढचा लोखंडी पाइप माझ्या मांडीला लागतो, मागचा नळ गुडघ्याला. टँकर देवळीवर आदळला असता तर आधी चौथरा फुटला असता, मग वरचं खाली आलं असतं. इथे कोणीतरी फक्त डोकं उडवलं होतं.

एवढं पाहून मी सुनेला हाक मारायला हवी होती. पण सून कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मला माझी सून माहीत आहे. तिला "हे तेयोने केलेलं नाही" एवढ्यावर समाधान नसतं. "मग कोणी केलं?" हे ती पुढच्याच श्वासात विचारणार.

तेवढ्यात मासेवाला मेलितोन खोका घेऊन आला. काल दुपारी गावातला हा एकटाच प्राणी कबरस्तानात नव्हता, याचे मेलेलेही याच्यावर रुसलेले असतात.

"डोन्या ऑब्दुलिया, ऐकलं. वाईट झालं," असं म्हणत त्याने खोका उतरवला. चेहरा मात्र आंबा मिळालेल्या पोरासारखा.

"तू काल किती वाजता आलास?"

"अडीचला. फ्रिजमध्ये कोळंबी ठेवली, तीनला निघालो. तेव्हा देवळी उभी होती. मी छातीवर क्रूसाची खूण केली ना तिच्यासमोर."

"तू? क्रूस?"

"बरं, हॉर्न वाजवला. पण उभी होती. फाटकाबाहेर तो ॲरिझोनावाला आपला राजवाडा घेऊन आत यायला थांबला होता. मला म्हणतो, लवकर काढ तुझा डबा. तेयो काही दिसला नाही तेव्हा. नंतर आला असेल." मग आवाज उतरवून, "सगळा गाव म्हणतोय, मातेने स्वतःच पाठ फिरवली त्याच्याकडे."

"गावाला कोणी सांगितलं?"

मेलितोन खोक्यातले मासे मोजायला लागला.

त्याच्या पिकअपचा मागचा भाग माझ्या कमरेएवढा. मागे बर्फाची पेटी, तीही माझ्या छातीच्या खाली. त्याला मनात आणूनसुद्धा ती कमान गाठता आली नसती.

खांद्याच्या उंचीवर पुढे आलेलं काहीतरी हवं होतं. मोठ्या घरगाड्यांना मागे छतावर चढायची शिडी असते, अंगापासून वीतभर बाहेर. काल संध्याकाळी माझ्या तळावर अशा दोनच गाड्या उभ्या होत्या. त्यांतल्या एकीच्या मालकाने मागच्याच वर्षी माझ्या तोंडावर सांगितलं होतं की ही देवळी इथून हलवा.

३

त्या ॲरिझोनावाल्या लाइलची गाडी म्हणजे बस नव्हे, अख्खं चर्च आहे. तो एकटाच राहतो त्यात. सकाळी उठून मऊ फडक्याने तिला पुसतो, वाकून वाकून ओरखडे शोधतो. बायको का सोडून गेली असेल ते त्याच्याकडे पाच मिनिटं पाहिलं की कळतं.

"मला ठाऊक होतं तू येणार," तो फडकं न थांबवता म्हणाला. "मी म्हणालो होतो, फाटक अरुंद आहे, ती वस्तू हलव. म्हणून पाडली मीच, असंच ना?"

"ती वस्तू नाही. माता आहे."

"बरं, माता हलव."

"काल तीनला तू आत शिरलास. मग?"

"सरळ शिरलो, सरळ माझ्या जागी थांबलो, एसी लावला, पडदे ओढले, झोपलो. नोगालेसला सरहद्दीवर चार तास रांगेत होतो, डोन्या. पाचला उठलो तर समोर तुझी सून रडत होती आणि फाटकाशी ते कॅनडाचे म्हातारे येऊन लागलेले होते. ते कधी आले तेही मला कळलं नाही."

"गाडी मागे घेतलीस का? खरं सांग."

तो पहिल्यांदाच थांबला. मग मला हाताला धरून गाडीच्या मागे घेऊन गेला. तिथे त्याची छोटी जीप आकड्याने जोडलेली होती. हे लोक मोठ्या गाडीमागे छोटी ओढत आणतात, इथे बाजाराला जायला.

"ही जोडलेली असताना मी वीतभरही मागे येऊ शकत नाही. चाकं आडवी होतात, आकडा मोडतो. आणि ही मी अजून सोडलेलीच नाही. बघ."

मी पाहिलं. जीपच्या चारही चाकांभोवती कालच्या वाऱ्याने वाळूच्या लहान लहान टेकड्या केल्या होत्या, गुळगुळीत, कोणी हात न लावलेल्या. शिवाय मागची शिडी आणि देवळी यांच्यामध्ये ही अख्खी जीप. शिडी तिथवर पोचणार कशी?

बाजूने घासली असेल म्हणावं, तर त्या चकचकीत अंगावर केसाएवढा ओरखडा नव्हता. असता तर लाइल कालच पोलिसांना घेऊन आला असता, देवळीवर तक्रार करायला.

"तुझी माता पडली याचं मला वाईट वाटतं," तो म्हणाला. "खरंच. मी हलव म्हणालो होतो. पाड म्हणालो नव्हतो."

मी त्याला माशाचा एक तुकडा पाठवते म्हटलं. माणूस तेवढाही वाईट नाही.

पण आता उरली होती एकच शिडी. ती होती ओरेस्टची. आणि ओरेस्टने बावीस हिवाळ्यांत, त्याच फाटकातून, त्याच पहिल्या नंबरच्या जागेवर गाडी मागे घेताना माझ्या एका शिंपल्यालाही कधी धक्का लावला नव्हता.

४

ओरेस्ट आणि व्हर्ना सास्काचवानहून येतात. तिकडे ऑक्टोबरमध्येच बर्फ पडतं. गव्हाची शेती मुलीला दिली आणि बर्फ तेवढं आपण सोडलं, असं ओरेस्ट म्हणतो. हिलारिओ गेला त्या हिवाळ्यात रोज सकाळी हा माणूस माझ्या दारात येऊन बसायचा. बोलायचा काही नाही. दार उघडलं की फक्त कॉफी मागायचा, म्हणजे मला उठून करावी लागायची. मी त्या हिवाळ्यात जगले ते त्या कॉफीमुळे. आणि आता मी त्याच्यावर संशय घ्यायला निघाले होते.

त्यांची पद्धत साऱ्या तळाला पाठ आहे. जागा अगदी फाटकाला लागून, म्हणून आधी पुढे जायचं आणि मग मागे यायचं. ओरेस्ट चालवणार. व्हर्ना खाली उतरून मागे उभी राहणार आणि हात हलवत ओरडणार, "येऊ दे, येऊ दे, डावीकडे, येऊ दे, बास!" बावीस वर्षं हेच. बाकीची जोडपी गाडी मागे घेताना घटस्फोटापर्यंत जातात. ही दोघं गाणं म्हटल्यासारखी गाडी लावतात.

मी गेले तेव्हा ओरेस्ट खुर्चीत बसून समुद्राकडे पाहत होता. मी समोर उभी राहिले. तो तसाच पाहत राहिला.

"काय रे, डोन्याला ओळखत नाहीस?"

"डोन्या!" तो धडपडत उठला. बावीस वर्षं इथे येऊनही त्याच्या बोलण्यात बाई आणि पुरुष एकच. "तू आला! बस, बस. व्हर्ना, कॉफी!"

व्हर्ना आतून आली. गळ्यात पडली, पण लगेच बाजूला झाली. इतकी लहानखुरी बाई, मिठी मारली तर माझ्या हनुवटीखाली मावते.

"काल किती वाजता आलात?"

"साडेतीनच्या आसपास," व्हर्ना म्हणाली.

"देवळी कोणी पाडली, पाहिलंत?"

"धूळ," ओरेस्ट म्हणाला. "वारा. मला काहीच दिसलं नाही, डोन्या."

तो माझ्याकडे तोंड करूनच म्हणाला, पण त्याची नजर माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी होती. मला वाटलं, लाजतोय.

मी गाडीच्या मागे चक्कर मारली. सगळ्या गाडीवर तीन देशांची धूळ होती. पुढे मेलेले किडे, बाजूला चिखल. मागची बाजू मात्र धुतलेली. शिडीही पुसून लख्ख. उत्तरेचा वारा सुटलेला असताना, तळावर पाणी टँकरने येतं हे ठाऊक असताना, फक्त पाठ धुवायची?

म्हणजे गाडी हीच. पण हात कसा चुकला?

मी परत येऊन बसले. म्हटलं, "चल, एक डाव पत्ते."

"पत्ते नको. डोमिनो," ओरेस्ट म्हणाला.

मागच्या हिवाळ्यात याला पत्त्यांवरून उठवायला भांडावं लागायचं. तो सोंगट्या उचलू लागला. प्रत्येक सोंगटीवरून अंगठा फिरवायचा, मग मांडायचा. चुकला नाही. डाव तोच जिंकला. मला हरणं आवडत नाही, म्हणून मी मान वळवली आणि व्हर्नाकडे पाहिलं. ती कॉफीचा कप पुढे करत होती. बाही वर सरकलेली होती.

तिचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत शिजवलेल्या खेकड्यासारखा लाल होता. आणि उजवा दुधासारखा पांढरा.

मी ओरेस्टचे हात पाहिले. दोन्ही पांढरेफटक.

माझा कप तिथेच राहिला.

५

जे सांगते ते माझ्या तळावर एकतीस वर्षं उभं राहून शिकलेलं आहे.

ही माणसं उत्तरेहून दक्षिणेला येतात. अंधारात गाडी चालवायची नाही हा त्यांचा नेम, म्हणून उजाडताच निघतात आणि सरहद्दीची रांग नडली नाही तर दुपारी एक-दोनला थांबतात. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे त्यांच्या डाव्या हाताला. ड्रायव्हरही डावीकडेच बसतो. चार-पाच दिवस खिडकीवर कोपर टाकून चालवलं की डावा हात भाजतो. ज्याने गाडी आणली त्याचा एक हात लाल. दर नोव्हेंबरला मी चेष्टा करते, "या, लाल हातवाले या!" बावीस वर्षं तो हात ओरेस्टचा असायचा.

यंदा तो व्हर्नाचा होता. गाडी तिने आणली होती.

मग गाडी मागे घेताना मागे उभा राहून हात कोण दाखवत होता?

ओरेस्ट. समोर उभी राहिले तरी आवाज येईपर्यंत ज्याला मी कळले नाही, तो ओरेस्ट. पत्ते डोळ्यांनी वाचावे लागतात म्हणून नको म्हणणारा, आणि डोमिनोचे ठिपके खोदलेले असतात म्हणून बोटांनी खेळणारा. आणि मातेचा पत्रा दोन्ही बाजूंनी सारखाच गुळगुळीत. ज्याला दिसतं तो तिला कधीच झाडाकडे तोंड करून ठेवणार नाही, दारुडासुद्धा नाही. ज्याने ठेवली त्याने मान देऊनच ठेवली होती, फक्त कोणती बाजू पुढची ते त्याला कळलं नव्हतं. गावाने ज्याला मातेचा राग म्हटलं, ते एका म्हाताऱ्याच्या हाताचं चाचपडणं होतं.

"ओरेस्ट," मी म्हटलं, "तुला कधीपासून दिसत नाही?"

व्हर्नाच्या हातातला चमचा खाली पडला.

त्याने सोंगट्या बाजूला सारल्या. मग म्हणाला, "कडेचं दिसतं. थोडं. मधे धुकं. तू मधे असतो तेव्हा तू नाही."

"मी म्हणत होते त्याला," व्हर्ना रडायला लागली. "हात दाखवायला कोणालातरी बोलावू. तर म्हणे, तळावर कोणी नाही, आणि एवढं मला जमतं. मी आरशात पाहिलं तर धूळच धूळ. हा ओरडतोय, येऊ दे, येऊ दे. बावीस वर्षं मी ओरडले तेव्हा याने कधी विचारलं नाही खरंच येऊ दे का. मग मी कसं विचारणार?"

"तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"लॅरिसा," ओरेस्ट म्हणाला. लॅरिसा म्हणजे त्यांची मुलगी. "तिला माहीत नाही. तिला वाटतं मी चालवतो. कळलं की संपलं. मग बर्फ, खिडकी आणि टीव्ही. मरेपर्यंत."

"आणि तिकडचे तिघे-चौघे इथे येतात दर हिवाळ्याला," व्हर्ना म्हणाली. "इथे शिंकलं तर तिकडे गावात कळतं."

मी उठले. मला राग आला होता आणि कोणावर ते कळत नव्हतं.

"माझ्या मुलाने दहा महिने वीस दिवस मातेला दिलेला शब्द पाळलाय," मी म्हटलं. "त्याआधी बारा वर्षांत त्याने कोणाला दिलेला एकही पाळला नव्हता. उद्या नऊला त्याची बायको मुलांना घेऊन जातेय. ती गेली की तेयो संध्याकाळपर्यंत तरी कोरडा राहील का, मला सांगता येत नाही."

"तेयो?" ओरेस्टचा चेहरा पांढरा पडला. "तेयोचं नाव घेतात?"

त्याला ठाऊकच नव्हतं. रडारड त्याने ऐकली होती, पण आमची भाषा भरभर बोलली की त्याला उमगत नाही. त्याला वाटलं होतं, आम्ही देवळीसाठी रडतोय.

"मी कोणाला काही सांगणार नाही," मी म्हटलं. "तुझं गुपित तुझं. पण बस नऊची आहे."

हे म्हणून मी घरी आले आणि रात्रभर स्वतःला शिव्या देत पडले. एक शब्द बोलले असते तर मुलाचं घर वाचलं असतं. आणि तो शब्द बोलले असते, तर ज्याने मला रोज उठवून कॉफी करायला लावली त्या माणसाचा समुद्र मी हिरावून घेतला असता.

६

शुक्रवारी साडेआठला नेरेइदा दोन पिशव्या आणि दोन मुलं घेऊन फाटकात उभी होती. तेयो तिकडे पाठ करून देवळीच्या विटा एकावर एक लावत होता. मातेला त्याने अजून हात लावला नव्हता. म्हणाला, नेरेइदा म्हणेल तेव्हाच.

पावणेनऊ झाले. मी तोंड उघडणारच होते. शब्द दाताशी आला होता.

तेवढ्यात ओरेस्ट आला. एकटा. एक हात कुंपणाच्या तारेवर, दुसरा पुढे हवेत. व्हर्ना चार पावलं मागे होती, पण त्याने तिला हात धरू दिला नव्हता. लाइल फडकं हातात तसंच धरून पाहत राहिला.

"नेरेइदा कुठे?" ओरेस्टने विचारलं. ती त्याच्यासमोरच उभी होती.

"इथे आहे," ती म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. तिला कळलं.

"मातेचं घर मी पाडला," ओरेस्ट म्हणाला. "तेयो नाही. व्हर्ना गाडी मागे घेतो, मी म्हणतो येऊ दे, येऊ दे. मला दिसत नाही. मला वाटतो जागा आहे. मग आवाज. मी मातेला उचलतो, झाडापाशी ठेवतो. तोंड कुठे, मला कळत नाही." त्याने टोपी काढली. "मी घाबरला. लपला. तेयोचं नाव घेतात, मला माहीत नाही. माहीत असता तर कालच आला असता. तुझा नवरा प्यायला नाही."

रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. मुलं आईकडे पाहत होती.

नेरेइदा ओरेस्टपाशी गेली, त्याच्या हातातली टोपी घेतली आणि त्याच्या डोक्यावर सरळ घातली. "ऊन लागेल," म्हणाली. मग तेयोकडे वळून, खेकसून, "विटा वाकड्या लावतोयस. आणि तिला तिथे किती वेळ उभी ठेवणार आहेस? उचल." मग तिने पिशव्या उचलल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात गेली. क्षमा तिने मागितली की नाही मला माहीत नाही. त्या दुपारी तिने पाच माणसांना बारा माणसांचं जेवण केलं, एवढं मी पाहिलं.

ओरेस्टने त्याच संध्याकाळी मुलीला फोन लावला. लॅरिसाचा आवाज आम्हाला समुद्रापर्यंत ऐकू येत होता. पाऊण तास ओरडली. शेवटी म्हणाली, मार्चमध्ये विमानाने येते, तुम्हाला घेऊन मीच परत चालवत आणते, आणि पुढच्या हिवाळ्याचं पुढे बघू. फोन ठेवल्यावर ओरेस्ट म्हणाला, "पुढचं बघू म्हणजे नाही, असं नाही." व्हर्ना म्हणाली, "नाही असंही नाही, हो असंही नाही. तू जेव." दुसऱ्या दिवशी लाइल एक खोका घेऊन आला आणि त्यांच्या गाडीच्या मागे कॅमेरा बसवून गेला. जुना पडून होता म्हणे. खोक्यावरचा प्लॅस्टिकचा कागद अजून फाडलेला नव्हता.

मी मात्र त्या दिवशी देवळीपाशी गेले. तेयो एकटाच चुना कालवत होता. मी एका पालथ्या बादलीवर बसले.

"आई," तो वर न पाहता म्हणाला, "परवा तू टँकर का तपासत होतीस?"

"तू पाडली नाहीस हे बघायला."

"म्हणजे तुला खात्री नव्हती."

मी या वयापर्यंत कोणापुढे मान खाली घातलेली नाही. नवऱ्यापुढे नाही, पाद्र्यापुढे नाही, सरहद्दीवरच्या शिपायापुढेही नाही. हो होती, असं म्हणायला माझं काही गेलं नसतं. पण त्याने वर पाहिलं, आणि हा माझाच मुलगा, माझं खोटं त्याला माझ्याआधी कळतं.

"नव्हती," मी म्हटलं.

त्याने थापी चुन्यात रोवली. मग हसला, बारा वर्षांत पाहिलं नव्हतं असं.

"मलाही नसते, आई," तो म्हणाला. "रोज सकाळी उठतो तेव्हा नसते. संध्याकाळी होते."